छत्राचा आचारी लीड्सला जातो

तंजावुरात मेलवीथीवर सांबशिवराव म्हणून एक गृहस्थ राहत. विलायतेला जाऊन रंगविद्या शिकून आलेले. रेशमाला धुवूनही न उतरणारा लाल रंग कसा द्यावा, यावर ते तासभर बोलू शकत. पण गावानं त्यांना तशी संधी कधी दिली नाही. कुणाकडं लग्न निघालं की यजमान दारात येऊन एवढंच विचारी, "सांबशिवराव, साराला येता ना?" आणि सांबशिवराव पंचा खांद्यावर टाकून निघत. विलायतेहून माणसं बॅरिस्टर होऊन येतात, डॉक्टर होऊन येतात. हे एकटेच सार शिकून आले, असं गाव म्हणे.

गावाचं अगदीच चुकत नव्हतं.

जॉर्ज बादशहाच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ते 'राव' नव्हते, नुसते सांबशिव होते. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेलं. कुंभकोणमच्या कॉलेजात शेवटचं वर्ष, विषय रसायन, बोटं कायम निळी नाहीतर पिवळी. लीड्सच्या कॉलेजानं त्याला कळवलं होतं की रंगविद्येच्या वर्गात तुम्हाला घेतलं आहे, फी माफ आहे, ऑक्टोबरात हजर व्हा. फक्त बोटीचं भाडं आणि पोटाची सोय आपली आपण बघा. ऑक्टोबर चुकला की जागा दुसऱ्याची.

तेव्हा सांबशिव मदत शोधायला निघाला. सरकारी शिष्यवृत्ती साऱ्या इलाख्यात एक, आणि ती त्या साली चामडं कमावायला शिकणाऱ्यासाठी होती. "आत्या, चामडं शिकू का?" त्यानं विचारलं. आत्यानं आपलं सोवळं दोन हात लांब वाळत घातलं.

पुढं पापनाशमकडच्या एका मिरासदारानं पैसे देऊ केले. सोबत मुलगी देऊ केली, तिच्या धाकट्या बहिणींच्या लग्नांची जबाबदारी देऊ केली, आणि कालव्याच्या पाण्यावरून आजोबांच्या काळापासून चाललेला एक खटलाही देऊ केला. सांबशिव पाणी पिऊन परत आला. मग मद्रासच्या एका विद्योत्तेजक मंडळीनं त्याला बोलावलं. सभा भरली, 'होतकरू तरुण' म्हणून त्याच्यावर तीन भाषणं झाली, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार पडला, आणि शेवटी खजिनदारांनी हळूच त्याच्याकडंच वर्गणी मागितली.

"हार तरी चांगला आहे," आत्या म्हणाली. "देवाला चालला असता, तुझ्या गळ्यात पडला नसता तर."

ही आत्या म्हणजे अंबुजाबाई. प्रेमळ, पण जिभेवर पहारा नाही. त्यातून स्वयंपाकाच्या बाबतीत तर नाहीच. भावाच्या लग्नात नवरदेवाला सोडून आचाऱ्याशी बोलायला गेलेली बाई. तिच्या पानावर बसून दुसऱ्याच्या हातचं कौतुक करायची कुणाची छाती नव्हती आणि तिच्या हातचं कौतुक केलं तर, "म्हणजे काल चांगलं नव्हतं वाटतं?" असं ती विचारी. तिचे यजमान त्यागराजराव यांनी यावर उपाय काढला होता: लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ते जेवताना बोललेच नव्हते. आणखी हवं असलं तर पानाकडं बघत. नको असलं तरी पानाकडंच बघत.

शेवटी कुणीतरी सांबशिवला भामाबाईंच्या छत्राची आठवण दिली. पापनाशमच्या वाटेवर हे खासगी अन्नछत्र होतं. भामाबाई नावाच्या एका श्रीमंत विधवेनं पूर्वी कधीतरी घातलेलं. येणाऱ्या वाटसरूला दोन वेळचं जेवण फुकट. तीर्थाला किंवा काशीला शिकायला जाणारे निघाले की छत्र त्यांच्यासोबत आपला आचारी देई, शिध्यासकट आणि प्रवासखर्चासकट, म्हणजे वाटेत धर्म बुडायला नको आणि पोटही. विश्वस्त होते रंगराव, मुनसफ कोर्टातले जुने वकील. कोर्ट सुटलं तरी कलमांचा नाद सुटला नव्हता. जेवायला बसण्यापूर्वी भाताला हरकत आहे का, हेही ते मनात विचारून घेत असावेत.

"वाटसरूला रोख देता येत नाही," रंगरावांनी सांगितलं. "एक दमडी नाही. भामाबाईंनीच तसं ठरवलंय. पण तू शिकायला निघालायस, तेव्हा तुला आचारी देता येईल. त्याचं बोटीचं भाडं छत्र भरेल, तिथली बिऱ्हाडाची खोली छत्र घेईल, शिधा छत्र देईल."

"आणि माझं भाडं?"

"तुझं तू बघ."

"मग आचारी लीड्सला पोचेल आणि मी इथंच."

"त्याला छत्राचा इलाज नाही," रंगराव म्हणाले.

तोही प्रश्न आला नाही, कारण छत्राचा आचारी कृष्णस्वामी यानं चुलाणापाशी बसूनच हे ऐकलं होतं. "मला समुद्र नको," तो म्हणाला. "कावेरीला पूर आला तर मी भाजी आणायलासुद्धा पलीकडं जात नाही."

रंगरावांनी हात पसरले. सांबशिव उठला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच वळला. "मामा, मीच छत्राचा आचारी झालो तर?"

"म्हणजे?"

"छत्र आचारी पाठवतं वाटसरूसोबत. आचारी मी. वाटसरूही मीच. भाडं आचाऱ्याचं भरा, वाटसरू काय, त्याच्याबरोबर येईलच."

रंगरावांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला, जसा चांगल्या वकिलाला दुसऱ्याची पळवाट बघून होतो. "मनाई कुठं नाही," ते म्हणाले. "पण इथं एक पंगत रांधून दाखवल्याशिवाय कुणाला आचारी नेमत नाहीत. पंगतीनं नावं ठेवली तर नेमणूक नाही. येत्या एकादशीनंतरच्या बारशीला ये. सार येतं ना?"

"येतं," सांबशिव म्हणाला. त्याला सार प्यायला येत होतं.

अंबुजाबाईंनी त्याला शिकवायला घेतलं. तंजावुरात सार करायचं ते कथलाच्या भांड्यात, आणि ते भांडं म्हणजे घराची अब्रू. पहिल्याच सकाळी सांबशिवनं ते रिकामंच चुलीवर ठेवलं आणि पाणी आणायला विहिरीवर गेला. परत आला तेव्हा भांडं नव्हतं. राखेत चांदीसारखं काहीतरी पसरलं होतं.

"अरे, तू रसायन शिकतोस ना?" आत्या म्हणाली. "कथील वितळतं हे कुणी सांगितलं नाही तुला?"

"ठाऊक होतं की."

"मग?"

"ते पुस्तकातलं कथील होतं, आत्या."

त्यागराजरावांनी पानाकडं बघितलं. पान अजून मांडलेलंच नव्हतं.

बारस आली. सांबशिव छत्राच्या मुदपाकखान्यात पहाटेपासून घामाघूम. पंगतीला कुंभकोणमच्या लग्नाला निघालेलं एक वऱ्हाड होतं आणि दोन पुराणिक. फुकटच्या अन्नाला नावं ठेवू नयेत ही तिकडची रीतच. छत्रात बसलेला माणूस दगड वाढला तरी 'वा' म्हणून चघळील. तरीही धोका नको म्हणून अंबुजाबाई सकाळच्या गाडीनं यजमानांसह वाटसरू होऊन आल्या होत्या आणि बायकांच्या पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. बेत साधा होता: आपण मोठ्यानं स्तुती करायची.

सार वाढलं गेलं. छत्राचं अन्न छत्राच्या विश्वस्तानं खायचं नाही, असा दंडक असल्यामुळं रंगराव स्वतः चव घेऊ शकत नव्हते. ते हात मागं बांधून पानापानाशी थांबत होते.

"सार कसं आहे?"

"उत्तम," पहिला पुराणिक म्हणाला आणि घाईघाईनं पाणी प्याला.

"फार निराळं," दुसरा म्हणाला.

वऱ्हाडानं माना डोलावल्या. मुलाकडच्या लोकांनी तर लग्नातही इतक्या नम्रपणे माना डोलावल्या नसतील. दारामागून सांबशिव एकेक मान मोजल्यासारखी बघत होता. आत्याची मान डोलली की लीड्स. रंगराव शेवटच्या पानाशी आले.

"आणि बाई, तुम्हाला?"

अंबुजाबाईंनी ओठ घट्ट मिटले. सांबशिवचा निळ्या बोटांचा हात त्यांना दारातून दिसत होता. बोट, समुद्र, लीड्स, मेलेल्या भावाचा मुलगा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांनी आणखी एक घोट घेतला, आणि तिथं घात झाला.

"चिंच कुठंय?" त्या म्हणाल्या. "हिंग दोनदा पडलाय. आणि हे उकळलंय, की नुसतं घाबरवून खाली उतरवलंय?"

अंबुजाबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता. एकदा वाट फुटली म्हटल्यावर पहिला पुराणिक म्हणाला, "मीठही तसं बघितलं तर..." दुसरा म्हणाला, "भातात कणी आहे." वऱ्हाडातली एक म्हातारी म्हणाली की तिच्या सुनेलाही असंच सार येतं, पण ती बिचारी ते दुसऱ्यांना वाढत नाही. सूनबाई तिथंच बसली होती. तिनं तिसराच विषय काढला.

सांबशिव बाहेर येऊन ओगराळं घेऊन उभा राहिला. अंबुजाबाई रडायला लागल्या. "मी खोटं बोलणारच होते रे," त्या म्हणाल्या. "सबंध गाडीत पाठ केलं होतं."

रंगरावांनी पंगतीकडं बघितलं, ओगराळ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग खाकरून म्हणाले, "पंगतीनं नावं ठेवलीत. पंगतीचा आचारी म्हणून हा नापास." मग त्यांनीच विचारलं, "पण सांबशिव, लीड्सला पंगत किती माणसांची?"

"एकाची."

"कोण तो?"

"मी."

"तू हे सार चाखलंस?"

"चाखलं."

"काही तक्रार?"

सांबशिवनं ओगराळं पाठीमागं धरलं. "काही नाही, मामा. फार छान झालंय."

"म्हणजे लीड्सच्या पंगतीची तक्रार नाही," रंगराव म्हणाले. "आचारी म्हणून नेमला. फक्त एका माणसापुरता. कृष्णस्वामी, याला तांदूळ मोजून दे."

सांबशिव तूतुकुडीच्या बंदरातून कोलंबोला आणि तिथून बोटीनं गेला. नोंद 'आचारी' अशी. लीड्सला तो दिवसा लोकर रंगवी आणि संध्याकाळी खोलीत सार करी. पहिला हिवाळाभर वाटसरूनं आचाऱ्याला पुष्कळ शिव्या दिल्या. पण दुसरा आचारी मिळण्यासारखा नव्हता आणि दुसरा वाटसरूही, तेव्हा दोघांनी हळूहळू जमवून घेतलं. घरमालकीणबाई आधी हिंगाच्या वासानं खिडक्या उघडी, पुढं पुढं सर्दी झाली की वाटी घेऊन दार ठोठावी.

शिकून परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त आलं. पुरोहितांनी विचारलं, कोण गेलं होतं? सांबशिवनं खरं ते सांगितलं: आचारी आणि वाटसरू. पुरोहित म्हणाले, मग दोघांनाही घ्यावं लागेल. पंचगव्य त्याला दोनदा प्यावं लागलं. डोकं मात्र एकदाच भादरलं, कारण दुसऱ्या वेळी भादरायला काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी घरी स्वयंपाक त्यानंच केला, नव्या कथलाच्या भांड्यात. भांडं आधी भरलं, मग चुलीवर ठेवलं. अंबुजाबाई पानावर बसल्या. सार वाढलं. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि शब्द शोधत बसल्या. खोड काढायला काही सापडेना, त्यामुळं त्या अगदी कावऱ्याबावऱ्या झाल्या.

ती शांतता बघून त्यागराजरावांनी पानावरून नजर वर उचलली.

"आणखी वाढ," ते म्हणाले.