बस जाऊ द्या, मी येते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्येच बोलणार नाही, आणि "जाऊ दे, होतं असं" तर अजिबात म्हणणार नाही.

आमच्या घरात माझी एक गोष्ट फार कौतुकानं सांगतात. दादा-वहिनी माझी गाडी घेऊन एटापल्लीला निघाले होते, ती जंगलात गरम होऊन बंद पडली, आणि मी बल्लारपूरहून मोटरसायकलवर जाऊन, बॉनेट उघडल्या उघडल्या पाणी कुठून गळतंय ते ओळखलं. चार पाहुणे जमले की ही गोष्ट निघतेच. मी खाली बघते. लोकांना वाटतं, लाजली.

गाडी तशी बाबांची. बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली आणि तिच्याखालीच जास्त राहिले. टॉर्च धरायचं काम माझं. दादाला हाताला ग्रीस लागलेलं खपायचं नाही. पुढे मी माझ्या मनानं लग्न केलं आणि बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तो राग मी समजू शकते — बाबांचाच तर स्वभाव माझ्यात आलाय.

पण शेवटच्या दुखण्यात बाबा माझं नाव घेत होते. आणि दादानं मला फोन केला नाही. बल्लारपूर ते चंद्रपूर, असून असून किती लांब? मी पोचले तेव्हा बाबांचं तोंड झाकलेलं होतं. मला वाटलं, बाबा रागातच गेले. तेच खरं मानून मी जगले असते. जलदानविधीच्या दिवशी वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कानाशी सांगितलं, "बाबा तुमालेच इचारत होते, मायाबाई. म्या म्हनलं फोन करा. यांनी करू नाई देला."

नवऱ्याच्या घरात, नवऱ्याविरुद्ध हे सांगायला काळीज लागतं. त्या घरात माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच. हे लक्षात ठेवा.

दादाला मी काही बोलले नाही. भांडण केलं असतं तर तो ओरडला असता, मी ओरडले असते, आणि सगळं फिटलं असतं. मला ते फिटू द्यायचं नव्हतं. गाडी तेवढी मागितली. "ने, भंगारातच जाणार होती," म्हणाला.

तर ती गाडी पाणी पिऊ लागली. आज भरलं की दोन-चार दिवसांत खाली, आणि जमिनीवर मात्र थेंब नाही. इंजिनाखाली पुठ्ठा टाकून पाहिला, कोरडा. गार गाडीत गळती दिसत नाही, पाणी तापून जोर धरतं तेव्हाच ते वाट काढतं — हे बाबांचं. मग त्यांचीच युक्ती केली. सगळे पाइप जुन्या लुगड्यानं पुसले, त्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि इंजिन तापवलं. रेडिएटरच्या खालच्या पाइपवर, क्लिपच्या मागे, पावडरीत एक ओली रेघ उमटली. चीर बोटानं दाबल्याशिवाय दिसत नव्हती. नवा पाइप आणून खिळ्याला टांगला आणि तोवर रेडिएटरमध्ये हळद टाकली. आमच्याकडचे ड्रायव्हर टाकतात, बारीक गळती काही दिवस धरते. बाबांना ते आवडायचं नाही. गावातल्या गावात चालतं, म्हणायचे, लांबच्या रस्त्याला घात होतो.

आणि एका सकाळी दादा दारात. वहिनीची आई एटापल्लीला शेवटच्या घटका मोजत होती. वहिनी रिक्षातच बसून होती, पदर तोंडाला लावून.

"गाडी बराबर हाये ना?" दादानं विचारलं.

"हाव," म्हटलं मी.

पाइप बदलायला तासभरसुद्धा लागला नसता. तो भिंतीवर टांगलेला होता, दादाच्या डोक्याच्या मागे. मी किल्ली दिली. वर हेही सांगितलं की टेंपरेचरचा काटा वर चढला तर लगेच गाडी थांबव. गाडीची मला काळजी होती ना!

तुम्हाला वाटेल, मग दिवसभर मन मला खात राहिलं असेल. नाही. मी भात-वरण केलं, पोटभर जेवले. मला हवं होतं की त्यानं रस्त्याच्या कडेला बसावं. कुणीतरी आपली वाट बघतंय आणि आपण पोचत नाही, हे त्याला एकदा तरी कळावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. जळू दे, म्हटलं.

फोन आला तो आष्टी ओलांडल्यावर, आलापल्लीच्या अलीकडून. बोलत वहिनी होती.

इथपर्यंतचंही मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलं असतं. रागात माणूस करतो. पण पुढचं —

"बस येऊन राह्यली, मायाबाई," ती म्हणाली. "मी तिच्यात बसून जाऊ काय?"

हो म्हणायचं होतं. फक्त हो. पण ती बसली असती तर दादाही बसला असता आणि वेळेवर पोचला असता. मी म्हटलं, "बस जाऊ द्या, ती थांबत थांबत जाते. मी येते. बसच्या आधी पोचाल." तिनं ऐकलं. माझ्यावर तिचा विश्वास होता. फोनमध्ये मला बस पुढे गेल्याचा आवाज आला.

पाइप घेऊन निघाले. गोंडपिपरीला थांबून चहा प्यायले. तहान नव्हती.

बॉनेट उघडलं, सरळ खाली हात घातला, पाइप बदलला. दादानं बोरिंगवरून पाणी आणलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "पाहताच समजलं हिले," म्हणाला. "बाबाचा हात हाये." आयुष्यभर मला हेच ऐकायचं होतं. तेव्हाही मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्यांच्या मागोमाग मीही एटापल्लीला गेले. अंगणात माणसं बसलेली होती. त्याच बसनं आलेली एक बाई सांगत होती, मी आली तवा म्हातारी बोलत होती, पोरगी आली काय म्हनून इचारत होती. वहिनी उंबऱ्यातच खाली बसली. दादा माझ्याजवळ आला, मान खाली घालून म्हणाला, "बाबाच्या येळी तुले फोन कराले पायजे होता."

माझा सूड पुरा झाला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला किल्ली देतानाच माहीत होतं — ती रिक्षात बसलेली मी पाहिली होती.

त्या संध्याकाळी वहिनीनं माझे काळे झालेले हात धरले आणि म्हणाली, तुम्ही नसत्या आल्या तर आम्ही जंगलातच राहिलो असतो. अजूनही म्हणते. दर वेळी ती गोष्ट तीच काढते, कौतुकानं.

मला कुणी सांगत नव्हतं, तेव्हा तिनं सांगितलं होतं. मी तिला सांगितलेलं नाही.