आत्याचा पत्र्याचा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये आत्याचा आवाज गेला. मुलुंडला ती एकटीच राहते. तिच्या जुन्या टॅबलेटवर मी एक फुकट अ‍ॅप टाकून दिलं. ती मराठीत टाइप करायची आणि अ‍ॅप ते मोठ्याने बोलायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आत्याने त्याचा वेग इतका वाढवला की तोही तिच्यासारखाच फटकळ झाला. "मेल्या, ही भेंडी की बांबू?" असं तो भाजीवाल्याला विचारायचा आणि भाजीवालासुद्धा हसायचा. हळूहळू घरात सगळेच त्याला आत्याचा आवाज म्हणायला लागले.

ते अ‍ॅप काही लोक फावल्या वेळात, पैसे न घेता बनवतात. कोण कुठे राहतं हेही धड माहीत नसतं. मीही त्यात बारीकसारीक दुरुस्त्या करायचे. समोरासमोर बोलायला मी कचरते; तिथे सगळं लिहूनच बोलायचं असतं, म्हणून मला जमायचं. एकदा तिथे सूचना आली. जुन्या अँड्रॉइडसाठीचं काम आपण थांबवतोय, त्यावरच चालणारा जुना आवाजही काढून टाकतोय, कुणाची हरकत आहे का? मी लिहिलं, माझी आत्या याच आवाजात बोलते. उत्तर सौम्य होतं. आम्ही मोजकेच आहोत, तसले जुने फोन आता आमच्याकडे नाहीत, मग तपासणार कशावर? कोड सगळ्यांचाच आहे, हवं तर तू तुझ्यापुरतं चालू ठेव.

त्यांचं बरोबर होतं. हेच जास्त लागलं.

मी चालू ठेवलं. पवईचं ऑफिस सांभाळून शनिवार-रविवार तो आवाज नव्या टॅबलेटवर चालवून बघत होते. एक जोडलं की दुसरं तुटायचं. तेवढ्यात आत्याच्या टॅबलेटची बॅटरी फुगली. दुकानदार म्हणाला, ही बॅटरी आता येत नाही, आणि हा पुन्हा चार्जिंगला लावू नका.

त्यात थोडं चार्जिंग उरलं होतं. मी तिच्यासमोर बसून सांगितलं की मला जमलं नाही. तुझी नेहमीची वाक्यं याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवू या.

तिने टॅबलेट मांडीवर ओढला आणि टाइप केलं. मग तो आवाज म्हणाला, "उद्या मी काय बोलणार, ते मला आज काय माहीत गो?"

आणि तिने टॅबलेट बंद केला.

नव्या टॅबलेटचा आवाज गोड आहे, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. आत्या त्यावरून सिलिंडरवाल्याशी बोलते, बँकेत बोलते. मी तिच्याकडे गेले की तो उशीखाली सरकवते आणि खुणांवर भागवते. परवा मी विचारलंच, माझ्याशी का बोलत नाहीस? तिने माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने सावकाश लिहिलं, "आपल्यात ती बाई कशाला?"

जुन्या आवाजाचं काम मी अजून सोडलेलं नाही. आत्याला तसं सांगितलेलं नाही. पुन्हा फसलं तर तिच्यासमोर बसून तेच परत सांगणं माझ्याच्याने होणार नाही.