राखणदाराचा पहिला घोट

सुरतेत प्लेग आला आणि इकडे पनवेलच्या एस.टी. स्टँडवर सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले. एका बाईने तर शेळीलाही बांधला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. फार तर ती शेळी नसेल, बोकड असेल.

माझा थोरला भाऊ त्याच स्टँडवर रिक्षा चालवायचा. एके काळी दादा एवढा प्यायचा, की मागे बसलेला पॅसेंजर उतरताना झोकांड्या खायचा. मग डॉक्टरने लिव्हरचं सांगितलं, वहिनी पोरीला घेऊन उरणला माहेरी गेली, आणि त्याने सोडली. चौदा महिने थेंब नाही. वहिनी परत आली. हे चौदा महिने मात्र मी वाढवून सांगत नाही.

प्लेगच्या बातमीने त्याचे हात पुन्हा थरथरायला लागले. तासातासाला घरी येऊन पोरीचं कपाळ चाचपायचा.

"सारखं घशाशी येतंय रं," मला म्हणाला.

"भीती का दारू?"

"दोनी."

त्यात गावाने ठरवलं, वेशीवरच्या राखणदार देवाला कोंबडा आणि दारू द्यायची, म्हणजे रोग वेशीबाहेर राहील. धार देवाला, उरलेल्यातला पहिला घोट मानकऱ्याचा. मान आमच्या घराचा. बाप गेल्यापासून दादाचा.

"मी घेतो मान," मी म्हटलं.

"तू? तू देवाला पन थापा मारशील!" म्हातारे हसले. "थोरला जिता हाय ना?"

मी लिव्हरचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं.

"येका घोटानं काय व्हतंय? आन् उद्या कुनाच्या पोराला ताप आला तं?"

मी मागे सरलो. कारण पोर आमच्याही घरात होती.

वेशीवर दारूची वाटी दादाच्या हातात आली तेव्हा वहिनी लांब उभी, पदर तोंडात. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटी हिसकून पालथी करायला हात पुरला असता माझा. नाही उचलला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्याच्या हातांची थरथर थांबली. वाटी त्याने पुढच्याला दिलीच नाही.

गावात प्लेग आला नाही. दिवाळीच्या आत वहिनी पोरीला घेऊन निघाली. उरणच्या गाडीत त्यांना मीच बसवलं. दादा पलीकडे रिक्षात आडवा पडला होता. पोरगी खिडकीतून हाका मारत होती, म्हणून मी जाऊन त्याला दोनदा गदागदा हलवलं. गाडी वळून गेली, तरी मी हलवतच होतो.