सासूची कबुली आणि यकृताचा तुकडा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता धूसर झाली. कोरीट गावचं ते एक मात्र विसरता येत नाही. साठच्या दशकात मी नंदुरबारला फौजदार होतो. एके सकाळी पोलीस पाटील खबर घेऊन आला. गावातली एक गरोदर सून आजारात बेशुद्ध होऊन मेली होती, आणि सासूने तिला काहीतरी पाजलं अशी कुजबुज होती. पाठोपाठ तिच्या माहेराहून, कळसाडीहून, मुलीचा बाप आला. "मन्ही पोरले जहर दिधं, साहेब," एवढंच तो बोलला.

पंचनामा करून प्रेत दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी जठर, आतडी, यकृत मिठाच्या पाण्याच्या बरण्यांत भरलं. मोहोरबंद बरण्या मुंबईला रासायनिक तपासणीसाठी गेल्या. यकृताचा एक तुकडा त्यांनी फॉर्मॅलिनमध्ये वेगळा ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला.

मी जमादाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. सासूला दरडावावं लागलंच नाही. "मीच मारं तिले. कावीळ उतरी जाई म्हनीसन मन्हा हातनी पाल्याना रस पाजा."

"साहेब, कबूल झाली. आता अटक करू," जमादार म्हणाला.

पण शेजारच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. त्याने कसलाही रस घेतला नव्हता. पुढच्या गल्लीतही दोघे तसेच निघाले. मी अटक थांबवली. जमादार नाराज झाला.

मुंबईचा अहवाल आला. कुठेही विष सापडलं नव्हतं, पण प्रत्येक पाल्याचं विष तपासणीत सापडतंच असं नाही. मग डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या यकृताच्या तुकड्याबद्दल समजावलं, "पेशी नष्ट झाल्यात. गावात इतर रुग्ण आहेत, म्हणजे ही साथीची कावीळ. गरोदर बाईला ती फार घातक. तिचा विषाणू आम्हाला दिसत नाही, त्याने केलेली नासधूस दिसते."

सासूला आणि मुलीच्या बापाला ठाण्यात बोलावून मी हे सांगितलं. "मंग कोनी मारं?" म्हातारीने विचारलं. मुलीचा बाप उठला. आपल्या विहिणीला म्हणाला, "याहीन, आते घर चाला."

आज थोड्याशा रक्तावरून काविळीचा विषाणू ओळखतात, त्याचा प्रकारही सांगतात. तेव्हा आमच्याजवळ तो तुकडाच होता. तो नसता तर ती बाई स्वतःच्याच शब्दावर खुनी म्हणून अटकेत गेली असती. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातून सून गेली असंच तिला वाटत होतं. कबुलीत गुन्हा असतो तसं नुसतं दुःखही असू शकतं, हे मी तिथे शिकलो.