कॉलरमागचं लेबल

डोंबिवली सोडली त्या दिवशी भर ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या अंगात लोकरी कोट होता. आत्याचा हट्ट! "लंडनला उतरल्यावर बॅग कुठे उघडत बसशील? घालूनच जा." बिल्डिंगमधले सगळे टॅक्सीपाशी जमलेले, मी घामाने निथळतेय, आणि आत्या वाकून कोटाचा राहिलेला दोरा दाताने तोडतेय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आत्याने लग्न केलं नव्हतं. आमच्याच पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास चालायचा. जन्मात कधी कोट शिवला नव्हता तिने. मासिकातला फोटो बघून, तीनदा उसवून शिवला. तिच्या प्रत्येक कपड्यात कॉलरमागे लाल दोऱ्याचं बारीकसं फूल असायचं, तिची सहीच ती. क्लासमधल्या मुलींना सांगायची, "कपडा उलटा करून बघा, मग शिवणारीचं काम कळतं."

लंडनला मी कपड्यांच्या दुकानात कामाला लागले आणि तिथल्या एका डिझायनरच्या चक्क प्रेमात पडले. तिचं जॅकेट उलटं करून बघितलं, तर आतली शिवण बाहेरच्याइतकीच देखणी. अगदी आत्यासारखी! मग सेलमध्ये, जुने कपडे स्वस्तात विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये तिचे कपडे शोधत फिरायचे. दोन ब्लाउज, एक राखाडी स्कर्ट, एक स्कार्फ. सगळं टिश्यू पेपरात जपलेलं.

एकदा दुकानातल्या मैत्रिणीने माझ्या कोटावरून हात फिरवला आणि विचारलं, कोणी केलाय हा? मी तोंड वर करून त्या डिझायनरचं नाव ठोकून दिलं. 'माझ्या आत्याने' म्हणायला काय जीभ झडली असती माझी? वर शहाणपणा असा, की घरी येऊन तिच्या एका फाटलेल्या ब्लाउजचं लेबल काढलं आणि कोटात लावलं. बरोब्बर लाल फुलावर.

चार वर्षांनी जानेवारीत डोंबिवलीला आले, ती तोच कोट घालून. लेबल डोक्यातून पार गेलेलं. कारखान्यांचा वास नसेल अशी सकाळ बघून आत्याने कोट गॅलरीत उन्हाला टाकला. मी निघताना घडी करून हातात दिला.

"लेबल एका बाजूने सुटलं होतं. चारी बाजूंनी पक्कं केलंय. हातशिलाईत तू अजून कच्चीच गं."

बस्स, एवढंच. रागावली नाही, काही विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी म्हणाले काय, तर "थँक्यू, आत्या." शी!

पुढे दर फोनला ठरवायचे, आज सांगायचं, आत्या, चुकलं माझं. मग हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवायचे. दोन वर्षांनी ती गेली.

बिल्डिंगमधल्यांनो, तिथेच राहिलात ते आणि माझ्यासारखे निघून गेलात तेही, तुम्ही पत्रांतून विचारता, घर आठवतं का? माझं घर आता त्या कॉलरमागे आहे, लेबलाखाली. कितीदा कात्री घेऊन बसले. पण लेबल काढायचं तर आत्याचे टाके कापावे लागतील, तिने माझ्यासाठी घातलेले शेवटचे. माझं खोटं तिने इतकं सुबक शिवलंय, की मला ते उसवता येत नाही.