सुतकातला शिक्का

शाओशिंगच्या आमच्या गल्लीला सुयुनबाईंचा राग तोंडपाठ होता. हिंगूळ, एरंडेल आणि दवण्याचे तंतू घोटून त्या शिक्क्याची लाल शाई करायच्या आणि घोटता घोटता नवऱ्याला शिव्या घालायच्या. नवरा, म्हातारा मिआओ, नामांकित सुलेखनकार. तो शेजारी स्टुलावर बसून घमघमतं टोफू मिटक्या मारत खायचा. तो गेला आणि बाईंना रागावायला माणूसच उरलं नाही.

ही अडचण एकविसाव्या दिवशी मिटली. दीर आला.

त्याच्या काखेत अकरा कागद होते. "वहिनी, माडीवरच्या पेटीत सापडले. दादाचं अक्षर बघा, काय झोकात आहे! शिक्का तेवढा राहिलाय. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"राहिला नाही. त्यांनी मारला नाही." बाईंचा आवाज चढला. मनाजोगं न उतरलेल्या कागदावर म्हातारा शिक्का उठवत नसे. शिक्का नाही म्हणजे हे माझं नव्हे. चाळीस वर्षं हाच त्याचा शब्द होता. "टाकाऊ आहेत ते."

"दादा आता बघायला येतोय थोडाच?"

"मी बघतेय ना, भावोजी! माझे डोळे फुटलेत का?"

"मग शिक्का द्या. घराण्याचा आहे, आणि घरात मोठा आता मी. लाल शाई बाजारात ढिगानं मिळते."

बाजारची शाई! बाईंच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. मग त्या एकाएकी गोड झाल्या. आम्ही खिडकीतले सगळे तिथंच घाबरलो.

"कशाला? घरचा शिक्का, घरची शाई. मीच मारते."

दीर खुलला. बाईंनी लाल शाईची डबी बाजूला सारली, मागची छोटी डबी उघडली आणि धाड, धाड, धाड! अकराही कागदांवर शिक्का उठला. निळाशार.

"वहिनी! निळा?"

"एकोणपन्नास दिवसांचं सुतक आहे ना घरात? सुतकात लाल उठवतात का कधी? तुमच्या आईनंच शिकवलंय मला."

"अहो, पण कुणीही बघून सांगेल, दादा मेल्यावर मारलाय म्हणून!"

"सांगू दे की. खरंच आहे ते."

ओले कागद छातीशी धरून दीर तणतणत गेला. अंगरख्यावर निळे डाग घेऊन गेला, हे आम्ही त्याला सांगितलं नाही.

बाई पुन्हा घोटायला बसल्या. "ते कागद जाळून जायला काय झालं होतं, मेल्या?" त्या रिकाम्या स्टुलावर खेकसल्या, आणि संध्याकाळपर्यंत खेकसतच राहिल्या.