कुड्याच्या सालीतलं पांढरं

पौडच्या एस.टी.नं आलेल्या माणसानं दारातूनच सांगितलं, "कुसुमवहिनी गेल्या." मी ताक घुसळत होते. रवी हातातच राहिली... आणि मनात आली ती कुड्याच्या झाडाची साल. ताईंची, म्हणजे आमच्या या थोरल्या जाऊबाईंची, आठवण आली की माझं तोंड अजून कडू होतं.

ताई लग्नाआधी पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या. भावजी पौडच्या कचेरीत. एका पावसाळ्यात त्यांच्या तीन वर्षांच्या शोभाला आव झाली, रक्त पडू लागलं, आणि ओढ्यांना पूर आल्यानं पुण्याची वाट बंद. पोरीनं डोळे फिरवायचे तेवढे बाकी होते. दूध घालायला येणाऱ्या धनगराच्या हौसाबाईनं कुड्याची साल आणली. "ताकात उगाळून द्या. लई कडू हाय, पर पोर उठंल." दोन-चार दिवसांत शोभा भात मागू लागली.

दुसरी कुणी असती तर देवापुढं नारळ फोडून मोकळी झाली असती. नारळ ताईंनीही फोडला, पण मला म्हणाल्या, "त्या सालीत बसून माझ्या पोरीला कुणी वाचवलं, त्याचं तोंड मला बघायचंय." मग काय, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली! साल कुटायची, चुन्यात कालवायची, स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची... आणि दर खेपेला जिभेवर थेंब. कडूपणा चोथ्यात राहिला की खाली उतरला, हे जीभच सांगे. मी त्यांच्याकडे गेले की माझीही जीभ कामाला लागे. आमटीसुद्धा कडू लागायची. भावजी बिचारे मुकाट जेवत. कितीदा तरी हाती नुसता तपकिरी चिकटा आला. ताई रडल्या, पण हटल्या नाहीत.

आणि एका सकाळी बाटलीच्या तळाशी पांढऱ्याशुभ्र सुया! "अल्कलॉइड... सालीतलं औषधी सत्त्व," ताई हळूच म्हणाल्या, देवाचं नाव घ्यावं तसं. हौसाबाईला बोलावलं. ती बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. "येवढ्या खरबरीत सालीत ह्ये हुतं व्हय?" तिनं हात जोडले, ताईंनी जोडले, मीही. तशी थक्क मी पुन्हा कधी झाले नाही.

तेव्हापासून दर वाढदिवसाला पेढ्याआधी शोभाच्या जिभेवर त्या सुयांतला मोहरीहून बारीक कण. "आधी त्याची ओळख ठेव," ताई म्हणायच्या.

परवा शोभाचा वाढदिवस झाला, आईविना पहिला. कॉलेजातून ती थेट माझ्याकडे आली. पिशवीतून तीच बाटली काढून माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून जीभ बाहेर काढली. मी कण ठेवला. तिनं लहानपणीसारखंच तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "काकू... आहे गं अजून, तसंच कडू."